डिस्कला कोण जागं ठेवतं

आवाज थांबला आणि स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "झालं का? टाकू चहा?"

प्रश्न बाबांना होता. बाबांना जाऊन दोन महिने होत आले होते, आणि त्यांच्या खुर्चीत त्यांची मुलगी बसली होती. टेबलावरच्या काळ्या डब्यातली जुनी डिस्क दुपारभर घुमत होती. दूरच्या खोलीत कुणी पंखा लावून विसरून जावं तसा तो आवाज. मग तो एकदम खाली खाली उतरत गेला, शेवटी आतून एक बारीक टक् झालं आणि खोलीत काहीच उरलं नाही. त्या काहीच नसण्यातून आईची हाक आली. रोजच्या हाकेसारखी, थोडी घाईची, थोडी कावलेली. आत नळ सुरू झाला, उगाच बराच वेळ वाहिला, बंद झाला. मग आई दारात आली, हात पदराला पुसत म्हणाली, "तुला गं. तुला विचारते आहे." ती म्हणाली, "हो, टाक ना." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. या घरात अशी काही कामं न बघता करायची पद्धत होती.

आईनेच तिला बोलावून घेतलं होतं. फोनवर आधी इकडचं तिकडचं झालं, वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा भिंत फोडायला काढली आहे वगैरे, आणि मग अगदी ठेवता ठेवता आई म्हणाली, "ते ह्यांचं यंत्र अजून दुपारी आपोआप सुरू होतं बरं का. जेवणं झाली की सुरू, चहाच्या वेळेला बंद." लगेच आईने सांगून टाकलं, "भूतबीत माझ्या डोक्यात नाही. भुताला नकाशे काढता येत नाहीत एवढं मला कळतं. पण मग चालू कोण करतं ते बघून जा. तुझंच तर काम आहे हे." आणि पुढे, आवाज बदलून: "बंद मात्र करू नकोस हं. नुसतं बघ."

तिचंच काम होतं हे खरं. संगणक आणि डिस्क यांच्या मधे एक दुभाष्या उभा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. याचं बोलणं त्याला कळवायचं आणि त्याचं याला. असले दुभाषे लिहिणाऱ्या कंपनीत ती होती, आणि तिच्या गटाकडे त्यातलाही एक कोपरा होता: डिस्कला झोपवणं आणि उठवणं. काही काळ कुणी काही मागितलं नाही की डिस्कने फिरणं थांबवावं, वीज वाचवावी, कुणी मागितलं की पुन्हा फिरू लागावं. इतकं साधं. आणि या साध्यातच माणसांची आयुष्यं जात होती. झोपायला हवी ती डिस्क झोपत नाही, झोपली ती उठत नाही, उठते पण इतक्या उशिरा की संगणक ती मेली असं धरून चालतो. नातेवाइकांत कुणालाच हे काम समजायचं नाही. मावशी तर लोकांना सांगायची, "आमची कॉम्प्युटर रिपेअर करते." एकट्या बाबांना समजलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे झोपलेल्या माणसाला न उठवता विचारायचं, काय हो, झोपलात का?" ती हसली होती, कारण तंतोतंत तेच होतं. डिस्कला झोपली आहेस का म्हणून विचारायला जावं तर विचारण्यानेच ती जागी होते. त्यांच्या गटात ज्याला सगळे मास्तर म्हणत तो नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगायचा. डिस्क फिरून मरत नाही, थांबून आणि पुन्हा सुरू होऊन मरते. आणि जिच्यावर पाळत ठेवायची तिच्यावरच पाळतीची नोंद लिहायची नाही. एवढं कळलं की निम्मी नोकरी आली, असं म्हणून तो जेवणाचा डबा उघडायचा.

बाबा पाणीखात्यात ड्राफ्ट्समन होते. रस्त्यांच्या पोटात कुठून कुठला नळ जातो, कुठे वळतो, कुठल्या झाकणाखाली कुठला व्हॉल्व्ह, हे सगळं त्यांनी जन्मभर कागदावर काढलं. निवृत्त झाल्यावर खात्याच्या तळघरात एक मोठा नळ फुटला आणि जुने नकाशे भिजून त्यांचा लगदा झाला. पाणीखात्याचे नकाशे पाण्यानेच नेले, यावर बाबा आठवडाभर हसले. मग खात्यातून त्यांच्याच हाताखाली तयार झालेला इंजिनिअर आला आणि म्हणाला, सर, जेवढं आठवतं तेवढं काढून द्या. तेव्हापासून जेवण झालं की बाबा या खोलीत शिरत, दार लोटून घेत, डिस्क घुमू लागे, आणि ती थांबली की आई चहा टाके. शेवटच्या दिवशीही तसंच. डिस्क घुमली, थांबली, आईने हाक मारली, उत्तर आलं नाही. टेबलामागच्या दिवाणावर ते कुशीवर निजलेले होते. "काम आटपून जरा पाठ टेकली, आणि गेले," भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई हे सांगायची, "मी बाहेर आवाज ऐकत होते ना. शेवटपर्यंत काम चालू होतं." डॉक्टर काहीतरी वेगळं बोलले होते. बराच वेळ झाला असावा, असं. ते वाक्य आईने ऐकलं होतं आणि कुठेतरी ठेवून दिलं होतं, जसे आपण न लागणारे पडदे ठेवून देतो. आणि आता तो इंजिनिअर परवा नकाशा न्यायला येणार होता. आईने त्याला फोनवर सांगून टाकलं होतं की पूर्ण झालाय, रोज बसत होते, माझी मुलगी येऊन देईल काढून.

दुसऱ्या दिवशी तिने पाळत लावली. असल्या पाळतीत प्रत्येक मागणी टिपली जाते: डिस्ककडे कुणी काय मागितलं, कुठल्या प्रोग्रामने, केव्हा. दुखण्याचं मूळ सापडायला याहून सरळ रस्ता नाही. जेवण झालं. डिस्क आपणहून उठली, आधी एक कण्हल्यासारखा सूर, मग चढत चढत जाऊन स्थिरावली. ती खुर्चीत बसून राहिली. पडद्याकडे बघत होती पण बघत नव्हती. थकवा आता तिला अंगरख्यासारखा झाला होता, घातला आहे हेही लक्षात येत नसे. झोप होत होती, जेवण जात होतं, ऑफिसात सगळे सांभाळून घेत होते; मास्तरने तर तिच्या वाटणीची अवघड कामं न बोलता स्वतःकडे ओढली होती. पण डिस्कला कान लावून बसलं की तिला वाटायचं, आपण फिरतोय फक्त, कुणी काही मागत नाहीये. या खोलीचा वास अजून तोच होता, पेन्सिलीच्या लाकडाचा आणि बाबांच्या वेदनाशामक मलमाचा. लहानपणी ती याच टेबलाखाली बसून त्यांच्या पायांशी बोलायची. वरून ते पेन्सिल खाली सोडायचे, मुद्दाम, आणि म्हणायचे, "खालच्या खात्यातून जरा वर पाठवा." ती पेन्सिल वर द्यायची. एवढाच खेळ. त्यात कुणी जिंकत नसे. ती टेबलाखाली वाकून बघायला लागली आणि मग आपण काय बघतोय ते कळून सरळ झाली.

चहाची वेळ आली, टळली. डिस्क घुमतच होती. आत भांड्याचा आवाज नाही. ती उठून गेली तर आई ओट्यापाशी स्टुलावर बसली होती, चहाचं भांडं गॅसवर, खाली जाळ नाही. "आज बराच वेळ चाललंय," आई म्हणाली. त्या आवाजात काळजी नव्हती. तक्रार होती, नवऱ्याला उशीर झाला की असते तशी, मुरलेली, जवळजवळ सुखाची. आणि तेव्हा तिला दोन गोष्टी एकदम कळल्या. आई डिस्क थांबायची वाट बघत होती, त्याशिवाय ती चहा टाकणार नव्हती, दोन महिने तिने त्याआधी कधीच टाकला नव्हता. आणि डिस्क थांबणार नव्हती, कारण डिस्कला जागं ठेवणारी मुलगी स्वतःच होती. पाळतीची नोंद तिने त्याच डिस्कवर लिहायला लावली होती. डिस्कने काही केलं की नोंद लिहायची, नोंद लिहिणं म्हणजे डिस्कने काही करणं, म्हणून पुन्हा नोंद. पहिल्या दिवशीच्या पोराने करावी ती चूक. ती धावत खोलीत गेली, पाळत बंद केली आणि खुर्चीत बसून एकटीच हसू लागली. हसता हसता ते भलतीकडे वळायला लागलं तसं तिने तोंडावर हात दाबला. थोड्या वेळाने डिस्क उतरली, टक् झालं. आत गॅस पेटला.

"सापडलं का?" चहा देताना आईने विचारलं.

"आज माझाच गोंधळ झाला. उद्या बघते."

"ह्यांचंही असंच. उद्या, उद्या." आईने बशी तिच्याकडे सरकवली. "मला खरं सांगू? तो आवाज असला की माझा डोळा लागतो. बाहेरच्या खोलीत आडवी झाले की लागलाच. त्या पहिल्या छातीच्या दुखण्यानंतर हे दिवसा आडवे झाले की मला धसका बसायचा. सारखी जाऊन नाकापुढे हात धरायची. चिडायचे. म्हणायचे, अगं, तपासणी नाक्यावर तरी इतक्यांदा अडवत नाहीत. मग हे काम आलं आणि मी सुटले. आवाज आहे म्हणजे माणूस आहे. मलाही विश्रांती, त्यांनाही उद्योग."

तिसऱ्या दिवशी तिने नोंद पेनड्राइव्हवर लिहायला लावली. जेवणानंतर डिस्क उठली आणि नोंदीत एकच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं. कुठल्या कंपनीचा प्रोग्राम नव्हता. नाव होतं "दुपार". उघडला तर इवलासा, चार ओळींचा. जेवणाच्या वेळेनंतर सुरू व्हायचं, एका रिकाम्या फाइलमध्ये एक टिंब लिहायचं, ते पुसायचं, जरा थांबायचं, पुन्हा लिहायचं. चहाच्या सुमारास थांबायचं. बाकी काही नाही. ती वाचत राहिली. एका ओळीत बाबांची नेहमीची चूक होती, ते कंस उघडायचे आणि बंद करायला विसरायचे. इथे विसरले होते आणि मग खालच्या ओळीत, दुसऱ्या एखाद्या दिवशी, बंद केला होता. आणि ते टिंब. ते तिचं होतं. तिला आठवलं, ऑफिसच्या जिन्यात ती उभी होती, हातात कागदी पेला, आणि फोनवर बाबा विचारत होते, "समजा एखाद्याला डिस्क झोपू द्यायची नसेल तर?" "एखाद्याला म्हणजे?" "असतो गं एखादा." ती किती खूश झाली होती. आपल्या कामातलं बाबांनी विचारलं म्हणून. जिन्यातून खाली जाणाऱ्या मास्तरला तिने खुणेने सांगितलंसुद्धा, बाबांचा फोन आहे. "सोपं आहे बाबा. काहीतरी लिहीत राहायचं. एक टिंब लिहायचं आणि पुसायचं. डिस्कला वाटतं काम चालू आहे." "डिस्कला वाटतं?" "हो, आणि तिच्याकडे बघणाऱ्यालाही." बाबा जरा थांबून म्हणाले होते, "छान. छान आहे हे." आणि हवेबद्दल विचारू लागले.

तिने नकाशा उघडला. स्टेशनकडचा सगळा भाग होता, बाजार होता, शाळेची गल्ली होती. प्रत्येक वळण, प्रत्येक झाकण, आणि जागोजाग त्यांची बारीक शेरेबाजी: इथला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, नव्या माणसाला सांगणे. जुन्या टाकीपाशी रेषा येत होत्या आणि तिथे थांबत होत्या. टाकीच्या पलीकडे कागद पांढरा. शेवटचा बदल बराच जुना निघाला, त्यांच्या जाण्याच्या खूप आधीचा. मग संगणकाच्या आपल्या नोंदी बघितल्या. कुणी किबोर्डला हात लावला नाही की पडदा काळा होतो, लावला की उजळतो, आणि हे संगणक निमूटपणे टिपून ठेवतो. दुपारमागून दुपार एकच गोष्ट लिहिलेली होती: जेवणानंतर पडदा उजळला, लगेच काळा झाला, चहाच्या आधी पुन्हा उजळला. म्हणजे यायचे, बसायचे, "दुपार" चालू आहे ना बघायचे आणि मागे दिवाणावर. तिने खुर्ची वळवून दिवाणाकडे पाहिलं. भिंतीकडच्या बाजूला गादी खोल दबलेली होती. एका दुपारी झोपलेल्या माणसाने गादी अशी दबत नाही. शेवटच्या दिवसाची नोंद तिने सगळ्यात शेवटी उघडली. पडदा जेवणानंतर लगेच काळा झाला होता. नंतर उजळला तो संध्याकाळी, डॉक्टर आल्यावर कुणाचा तरी धक्का टेबलाला लागला तेव्हा.

म्हणजे आई बाहेर निर्धास्त पडली होती आणि आत नुसतं टिंब लिहिलं जात होतं, पुसलं जात होतं. हे तिला सांगायचं? तिने हात मांडीवर ठेवले. तिच्या धंद्यात सांगणं-न सांगणं असा प्रश्नच नसे. सापडलं की लिहायचं, लिहिलं की सुटलं. इथे काहीही सुटत नव्हतं. पलीकडचा भाग आपणच भरून टाकावा असा एक वेडा विचारही तिला येऊन गेला, चार रेषा, कुणाला कळणार आहे. आणि मग कुठल्यातरी गल्लीत कुणीतरी खड्डा खणेल आणि खाली नळ नसेल. बाबा त्या माणसापुढे मान खाली घालून उभे राहतील. इतक्यात बेल वाजली. पाणीखात्याचे इंजिनिअर साहेब ठरल्या वेळेच्या आधीच आले होते.

तो पोट सुटलेला, संकोची माणूस होता. चपला काढाव्यात की नाही यावर तो दारातच अडला. "काकू, तुम्हाला त्रास," असं दोनदा म्हणाला. आईने त्याला थेट खोलीत आणलं, बाबांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दाराला टेकून उभी राहिली, मुलाच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखी. डिस्क अजून घुमत होती. तो नकाशावर वाकला आणि त्याचा संकोच पळाला. "अरे बापरे. हा बाजारातला व्हॉल्व्ह! दोन वर्षं शोधतोय आम्ही. सर म्हणजे काय..." बोट पडद्यावरून सरकत सरकत टाकीपर्यंत गेलं. "आणि ह्याच्या पुढचं?"

"पुढचं दुसऱ्या फाइलीत असेल," आई म्हणाली. "बघ ना गं."

"नाहीये, आई."

"असं कसं? रोज बसत होते. इतके महिने. मी काय बहिरी आहे?"

"टाकीपर्यंतच आहे. नंतर त्यांनी काही काढलं नाही."

साहेब खुर्चीतून अर्धवट उठला. "काकू, असू द्या, एवढंही पुष्कळ..." आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती डब्याकडे बघत होती, घुमणाऱ्या. "मग दुपारभर काय करत होते ते?"

"झोपत होते."

"आणि हे?"

"ते हे आपोआप चालू राहील असं करून ठेवायचे. तू ऐकत असायचीस म्हणून."

आईने दाराची चौकट धरली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, मागच्या सगळ्या दुपारी एकेक करून, आणि शेवटच्या दुपारीपाशी येऊन थांबलं; मुलीला ते दिसलं. खोटं बोलायची वेळ हीच होती आणि तिला एकही खोटं सुचलं नाही.

"म्हणजे त्या दिवशीही," आई म्हणाली.

"हो."

"मी बाहेर घोरत पडले होते."

"हो, आई."

साहेब टेबलावरच्या पेन्सिलींकडे बघत राहिला. मग आईने अगदी हळू, कुणाच्या तरी आजारपणाची चौकशी करावी तसं विचारलं, "पण लागायची का त्यांना? झोप?"

"लागायची. चांगली लागायची."

"कशावरून?"

असं विचारणारी आईच. ती म्हणाली, "मधे एकदाही कशाला हात लागलेला नाही. किबोर्डला नाही, कशालाच नाही. त्या दिवशीसुद्धा. जागा माणूस इतका वेळ गप्प राहत नाही. बाबा तर नाहीतच. काही दुखलं असतं तर..."

"तर घर डोक्यावर घेतलं असतं," आई म्हणाली. "साधं नख तुटलं तरी तिसऱ्या मजल्याला कळायचं." तिच्या तोंडून हसू निघालं, खरं, नाकातून आलेलं, आणि त्याला धरूनच डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. "थकले होते गं. मला म्हणाले असते तर काय मी उठवलं असतं?" आणि मुलीने उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाली, "उठवलं असतं. मी उठवलं असतं."

मग ती साहेबाकडे वळली, जणू तो नुकताच आला होता. "अर्धाच आहे हो, साहेब. पण आहे तेवढा चोख असेल. पलीकडचं तुमचं तुम्ही खणून बघा."